तुल्य पोहे

माणसाला मालक व्हायची हौस असावी, त्यात काही वावगं नाही. पण ती पोह्यांच्या वाटेने भागवायला जाऊ नये, एवढं दीनानाथ टिपणिसांकडे बघून भोरमधल्या कुणीही सांगितलं असतं. सांगितलं मात्र कुणीच नाही. उलट ज्याने त्याने सल्लेच दिले, आणि टिपणिसांनी ते एकूण एक ऐकले.

टिपणीस हे हिरडस पोहे मिल्स प्रायव्हेट लिमिटेडचे मॅनेजर. नाव वाचून पाहुण्यांना वाटे, निदान एक धुराडं तरी असेल. प्रत्यक्षात गावाबाहेर पत्र्याची एक लांबट शेड, तिच्यात भात भाजायची भट्टी, पोहे चेपायची दोन यंत्रं, मागे गोदाम आणि पुढे टिपणिसांचं टेबल एवढाच सगळा प्रायव्हेट लिमिटेड होता. मालक रघुवीरशेठ. बाकीचे भागधारक म्हणजे शेठचे मेहुणे, साडू, चुलते आणि एक विधवा आत्या. दिवाळीनंतर त्यांची सभा भरायची, लाभांश जाहीर व्हायचा. कायद्याने तो रोख द्यावा लागतो, म्हणून पावती रुपयांची फाटायची. पण रोकड कधीच हाताशी नसल्यामुळे आत्याबाईंपासून सगळे तेवढ्या किमतीचे पोहे घेऊन घरी जायचे. सभा चालू असताना टिपणीस बाहेर उभे राहून चहा किती कप सांगायचा ते बघायचे.

वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि पुढेही चाललं असतं. पण अडुसष्ट साली शेठचा भाचा मुकुंद अमेरिकेहून धंदा शिकून आला. धंदा शिकायला इतक्या लांब जावं लागतं हे शेठना कधी पटलं नव्हतं, तरी भाचा म्हणून त्यांनी त्याला गिरणी दाखवली. मुकुंदने भट्टी पाहिली, यंत्रं पाहिली, आणि शेवटी बराच वेळ टिपणिसांना पाहिलं.

"मामा, हा माणूस उद्या सोडून गेला तर?"

"कुठं जातोय? पंधरा वर्षं झाली, हितंच आहे," शेठ म्हणाले.

"तसं नाही. मॅनेजरला मालकी दिली की तो मालकासारखं काम करतो. तिकडे मोठमोठ्या कंपन्यांत असंच करतात." मग तो टिपणिसांकडे वळला. "टिपणीस, तुम्हाला पन्नास शेअर्स. पण आज नाहीत. आणखी पाच वर्षं इथे टिकलात की ते व्हेस्ट होतील."

व्हेस्ट म्हणजे बनियन एवढं टिपणिसांना ठाऊक होतं. शेअर आणि बनियन यांचा संबंध काय, हे विचारणं मॅनेजरच्या पदाला शोभलं नसतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मुकुंदच्या ते लक्षात आलं असावं. "व्हेस्ट म्हणजे पिकतील हो. विम्याची पॉलिसी पिकते ना, तसे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत ते तुमचे नाहीत. सभेला बसता येणार नाही. लाभांशसुद्धा नाही."

"मग आहे काय?"

मुकुंदने खिशातून चिठोरं काढलं. त्यावरचा शब्द त्याने रात्री शब्दकोशात बघून जुळवला होता. "लाभांशतुल्य हक्क! म्हणजे असं, की बाकीच्यांना पन्नास शेअर्सवर जेवढा लाभांश मिळेल, बरोबर तेवढंच तुमच्या नावे बाजूला पडत जाईल. शेअर्स पिकले की शेअर्स आणि हे साठलेलं, दोन्ही एकदम तुमच्या हातात. मध्ये नोकरी सुटली, नाहीतर काही भानगड होऊन काढावं लागलं, तर दोन्ही गेलं."

"म्हणजे माझं आहे, पण माझं नाही," टिपणीस हळूच म्हणाले.

"करेक्ट!" मुकुंदला इतका आनंद झाला की त्याने टिपणिसांशी हस्तांदोलन केलं. शेठनी खांदे उडवून होकार दिला. महिन्याभरात मुकुंद अमेरिकेला परत गेला आणि तो शब्द तेवढा भोरमध्ये मागे राहिला.

आता टिपणिसांची बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, माणूस लोभी होता. लोभी मुळीच नव्हता. पंधरा वर्षं त्यांच्या कमरेला जो चाव्यांचा जुडगा होता, त्यातली एकही चावी त्यांच्या स्वतःच्या कुलुपाची नव्हती. राहतं घर भाड्याचं, सायकल कंपनीची, छत्री मेहुण्याची राहून गेलेली. कधीतरी काहीतरी आपलं म्हणावं, आणि त्या सभेत एकदा तरी दाराच्या आतल्या बाजूला बसावं, एवढंच त्यांना फार मनापासून वाटे. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला मात्र न सांगताच ठाऊक होतं.

बायको सौदामिनी. तिने दुसऱ्याच दिवशी नळावर सांगून टाकलं, "आमचे हे आता मालकांत आले." पाच वर्षांची अट, पिकणं वगैरे बारीकसारीक गोष्टी नळावर सांगायच्या नसतात.

पहिली दिवाळी झाली. टिपणिसांच्या वाट्याला आले ते पोहे शेठनी वहीत जमा धरायचं ठरवलं. तसं झालं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण शेजारी कुंडलिकराव होते. कुंडलिकराव संस्थानच्या काळापासून कचेरीत अव्वल कारकून. आता निवृत्त झाले होते आणि शेजाऱ्यांच्या भानगडींवर दिवस काढत होते.

"वहीत जमा?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "टिपणीस, अहो आमच्या कचेरीत वहीत जमा असलेल्या माणसांची नातवंडं अजून खेटे घालताहेत. ताबा म्हणतात तो महत्त्वाचा. वस्तू डोळ्यांना दिसली पाहिजे. पोती वेगळी काढून घ्या."

"घरी आणू?"

"घरी कशी आणाल? तुमची कुठं आहेत ती अजून? गोदामातच, पण निराळ्या कोपऱ्यात. आणि वर नाव घाला. ठळक."

नाव घालायला शिवऱ्याचा पेंटर बोलावला. तो हमरस्त्यावर मालट्रका रंगवणारा. त्याने लाल रंगात, पिवळी किनार देऊन प्रत्येक पोत्यावर 'दीनानाथ टिपणीस' आणि खाली 'तुल्य' असं झकास काढलं, दोन्ही बाजूंना कमळं सोडली, आणि हाताच्या सवयीने एका पोत्यावर 'हॉर्न प्लीज'ही लिहून मोकळा झाला. टिपणीस पुसायला सांगणार होते. पण आपलं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अक्षरात बघून त्यांना इतकं भरून आलं की राहू दे म्हणाले.

पुढे मृगाच्या सुमारास भट्टीवरचा सोनबा टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सायेब, तुमच्या मालकीत किडं झाल्यात."

टिपणीस धावत गोदामात गेले. खरोखरच पोह्यांत अळ्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच सगळे पोहे बाहेर चादरींवर पसरले, कडुनिंबाचा पाला आणला, आणि स्वतः काठी घेऊन राखणीला बसले. चिमण्यांना हाकलायला ते इकडे वळले तेवढ्यात तिकडून पोहे पाखडणाऱ्या साळूबाईची शेळी आली आणि मॅनेजरच्या लाभांशतुल्य हक्कातला बराचसा भाग पाल्यासकट खाऊन गेली.

"साळूबाई, हे काय? माझे पोहे होते ते!"

"मुक्या जनावराला काय ठावं सायेब, तुमचं कंचं आन् कंपनीचं कंचं?" साळूबाई म्हणाली. "आमास्नी बी अजून उमगंना. तुमचं हायती तर घरी का न्हेत न्हाई?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते शब्दकोशात बघून द्यावं लागलं असतं. अखेर सोनबानेच तोड काढली. दरवर्षी पावसाआधी जुने पोहे विकायच्या मालात घालायचे आणि तेवढेच ताजे पोहे टिपणिसांच्या पोत्यांत भरायचे. शेठ हो म्हणाले. पोहे बदलत गेले, पोती तीच राहिली, आणि दर दिवाळीला त्यांत भर पडत कोपरा छताकडे चढू लागला. टिपणीस रोज गोदाम बंद करण्यापूर्वी पोत्यांवरून एकदा हात फिरवायचे. कुणी बघत नाहीसं पाहून, अर्थात.

मध्यंतरी कुंडलिकरावांनी आणखी एक किडा डोक्यात सोडला. "हे कर खात्याला दाखवलंत का? लाभांश म्हणून दाखवायचं की पगार म्हणून? उद्या नोटीस येईल, टिपणीस." मग एक रजा खर्चून, एसटीने धक्के खात टिपणीस पुण्याला एका वकिलाकडे गेले. वकिलाने सगळं ऐकून घेतलं.

"यातलं तुम्हाला मिळालंय काय?"

"अजून काहीच नाही."

"मग मिळाल्यावर या. आणि मिळेल तेव्हा तो पगारच धरायचा. लाभांश फक्त मालकाला मिळतो. तुम्ही मालक नाही."

एवढं ऐकायला त्यांनी फीसुद्धा दिली. आपण मालक नाही हे त्यांना माहीतच होतं. पण पैसे देऊन ऐकल्यावर ते जास्त लागलं.

इकडे गल्लीत भलतंच शिजत होतं. सौदामिनीच्या तोंडात येता-जाता 'आपले तुल्य पोहे' असायचं. नवऱ्याने आणलेला शब्द, तिलाही तो फार भारदस्त वाटे. पण गल्लीने त्याचा सरळ अर्थ लावला. जाडे पोहे असतात, पातळ असतात, दगडी असतात, तसे हे तुल्य. काहीतरी उंची वाण असणार, कारण ते मालक लोक बाजारात येऊच देत नाहीत!

एक दिवस समोरच्या सगुणाबाई पातेलं घेऊन दारात आल्या. "सौदामिनीबाई, उद्या आमच्या लताला बघायला वरव्याची मंडळी येताहेत. तुमचे ते तुल्य पोहे द्या हो पातेलंभर. मुलाचे वडील खाण्याचे दर्दी आहेत म्हणे."

त्याच क्षणी सौदामिनीने सांगायला हवं होतं की तुल्य म्हणजे नुसतं 'तितकेच', आणि ते तितके पोहेसुद्धा अजून आमचे नाहीत. पण नळावर एकदा मालकीणबाई झालेल्या बाईला ते कसं सांगता येईल? तिने पातेलं ठेवून घेतलं. मागच्या दाराने बाजारात जाऊन साधे पोहे आणले, निवडले, चाळले, मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर परतले आणि संध्याकाळी समोर पोचवले. वरव्याच्या मंडळींनी दोन-दोनदा मागून घेतले. लग्न ठरलं.

झालं! त्यानंतर भोरमध्ये मुलगी दाखवायची ती तुल्य पोह्यांवरच. आज अमकीची भाची, उद्या तमकीची नणंद. वेल्ह्याकडून एक गृहस्थ एसटीने खास पिशवी घेऊन आले. नसरापूरच्या एका दुकानदाराने तर घाऊक भाव विचारला. सौदामिनीच्या घरखर्चाला खिंडार पडलं. ती परतून परतून थकली, पण टिपणिसांना तिने काही कळू दिलं नाही. त्यांना आपलं एवढंच दिसे की हल्ली सणावारालाही घरात गोड होत नाही, आणि बायकोच्या हाताला भाजल्याचे डाग असतात.

बहात्तर साली पाऊस गेला. धान्य मिळेनासं झालं, बाजारात पोहेसुद्धा सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. शेवटी सौदामिनीने हात टेकले. पिशवी घेऊन येणाऱ्याला ती सांगू लागली, "आता नाहीत हो. सगळे गोदामात ठेवलेत. पुढल्या दिवाळीनंतर बघू." हे तिने गल्लीतल्याच फुलाबाईंनाही सांगितलं. फुलाबाईंच्या पुतणीला साध्या पोह्यांवर बघून गेले आणि नकार आला. फुलाबाई चिडल्या. त्यांचा कुणी नातलग पुण्याला पुरवठा कचेरीत होता. साठेबाजांची नावं कळवा, असं सरकार रोज रेडिओवर सांगतच होतं.

त्र्याहत्तरच्या भादव्यात, शेअर्स पिकायला दोनच महिने उरलेले असताना, गिरणीच्या दारात जीप येऊन थांबली. पुरवठा निरीक्षक उतरले, त्यांच्यामागे दोन पोलीस.

"तुल्य पोहे कुठं आहेत?" निरीक्षकांनी दारातच विचारलं.

टिपणीस तोंड उघडायच्या आत सोनबा अभिमानाने पुढे झाला. "ह्ये काय साहेब, कोपऱ्यात. आमच्या सायबांचंच हायती. नाव बी घातलंय, बगा की!"

निरीक्षकांनी बघितलं. पिवळ्या किनारीची लाल अक्षरं छतापर्यंत ओळीने उभी होती. कमळांपाशी त्यांची नजर जरा थबकली, 'हॉर्न प्लीज'पाशी जास्तच थबकली. मग ते म्हणाले, "पंच बोलवा."

पंच म्हणून समोरच्या हॉटेलातला चिमाजी आला, आणि गर्दी कसली म्हणून बघायला आलेले कुंडलिकराव सापडले. त्यांनी पोत्यांकडे असं पाहिलं की जन्मात कधी पोतं पाहिलं नसावं. रघुवीरशेठही आले. एव्हाना बातमी गल्लीत पोचली होती. बायका पदर सावरत येऊन शेडच्या दाराशी दाटल्या, आणि त्यांच्यात सौदामिनी होती.

"हे बघा मॅनेजर," निरीक्षक तसे वाईट नव्हते, फक्त उन्हातून आले होते, "गिरणीकडे परवाना आहे. हे पोहे गिरणीचे असले तर माझं काही म्हणणं नाही, आत्ता निघतो. पण तुमचे असले, तर परवान्याशिवाय एवढा साठा म्हणजे साठेबाजी. तुम्हाला गाडीत बसावं लागेल."

गाडीत बसणं म्हणजे भानगड. भानगड म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे शेअर्स गेले, पाच वर्षं गेली, सगळं गेलं. टिपणिसांना हे लख्ख दिसत होतं. आणि 'माझे नाहीत' म्हणावं, तर ते गल्लीसमोर, फुलाबाईंसमोर, सौदामिनीसमोर म्हणायचं होतं. त्यांनी मधली वाट धरली.

"त्याचं असं आहे साहेब, की माझ्या नावे आहेत, पण माझे नाहीत. म्हणजे होणार आहेत."

"आज कुणाचे?"

"आज कंपनीचे."

"मग वर नाव कुणाचं?"

"ते माझं."

"म्हणजे तुमचे."

"नाही, म्हणजे ते तुल्य आहेत."

"ती पोह्यांची जात ना?"

"छे हो! तुल्य म्हणजे तितकेच. त्याच्याइतके."

"कुणाच्याइतके?"

"लाभांशाइतके. इतरांना मिळतो त्या लाभांशाइतके. पण लाभांश नव्हे."

निरीक्षकांनी कुंडलिकरावांकडे पाहिलं. "पंच, तुम्हाला काही कळतंय?"

"आपला काही संबंध नाही. मी रस्त्याने चाललो होतो," कुंडलिकराव म्हणाले.

निरीक्षकांनी शेठना विचारलं. शेठ काहीतरी बोलणार होते, पण टिपणिसांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "ते स्वतः उभे आहेत. त्यांनाच सांगू द्या," एवढंच म्हणाले. माणसाची अब्रू त्याच्यासमोर आपण कशी काढावी, असं त्यांना झालं असावं.

"मॅनेजर, मला पुढे सारोळ्याला जायचंय," निरीक्षकांनी घाम पुसला. "तुल्य नको, लाभांश नको. एका शब्दात सांगा. तुमचे, की नाही?"

टिपणिसांनी पोत्यांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. सौदामिनी त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या एका बाजूला सगुणाबाई, दुसऱ्या बाजूला फुलाबाई होत्या. पाच वर्षं ही बाई त्या दोघींत मान वर करून उभी राहिली होती. तिची मान आपण खाली घालायची? आता होईल ते होवो, जीप तर जीप, असं ठरवून त्यांनी श्वास घेतला आणि ओठ उघडले.

"मा—"

"त्यांचे नाहीत!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सौदामिनी बायकांतून वाट काढत पुढे आली होती. आवाज तिचाच होता.

"त्यांचे नाहीत, साहेब. यातला एक पोहासुद्धा आमचा नाही. मालकबिलक कुणी नाहीत ते. मीच आपलं नळावर सांगत सुटले. पोहेही बाजारातलेच आणून वाटत होते मी, ह्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. ते इथे नुसते नोकर आहेत."

बायकांत कुजबुज झाली आणि विरली. निरीक्षकांनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणिसांनी मान हलवली. होकारार्थी हलवली की नकारार्थी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निरीक्षकांनी लिहून घेतलं, चिमाजीने अंगठा उठवला, कुंडलिकरावांनी चष्मा विसरल्याचं सांगून अंदाजाने सही केली. नावं पुसून टाका, असं बजावून जीप निघून गेली. ट्रकचा रंग तो, पुसतोय कशाला! सोनबाने पोती उलटी करून घेतली.

शेठ जाता जाता टिपणिसांपाशी थांबले. "आज घरी जा, टिपणीस. वहिनी एकट्या नकोत. उद्या या वेळेवर."

नवरा-बायको पुलावरून घराकडे निघाली. बाकीच्या बायका मुद्दाम बऱ्याच मागे राहिल्या होत्या, अगदी फुलाबाईसुद्धा. टिपणिसांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती आत्ता काढू नये एवढंही त्यांना कळत होतं. पण राहवेना.

"नोकर म्हणालीस ते ठीक आहे. खरंच आहे ते," शेवटी ते म्हणाले. "पण 'नुसते' कशाला म्हणालीस?"

सौदामिनी थांबली. "नुसते म्हटलं नसतं तर त्या साहेबांना पटलं असतं का?"

"नसतं पटलं," टिपणिसांनी कबूल केलं. मग थोडं चालून म्हणाले, "तरीपण."

"आणि तुम्ही काय म्हणणार होतात? 'मा' म्हणालात ते ऐकलंय मी. माझे म्हणणार होतात ना? जेलात जाऊन बसणार होतात? कशासाठी? त्या फुलीसमोर माझं नाक राहावं म्हणून?" आता मात्र तिला रडू आवरेना. "मला नकोय हो ते नाक. इतकी वर्षं मी परतत बसले होते ते तुम्ही घरी हसत यावंत म्हणून. पोत्यांना हात लावून आलात की जेवताना दोन घास जास्त खायचात तुम्ही. मला काय कळत नाही?"

टिपणिसांनी मेहुण्याची छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, बायकोचा हात धरला. भोरच्या रस्त्यावर त्या काळी असं कुणी करत नसे. भाजल्याचे डाग त्यांच्या बोटांना लागले आणि घर येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

दिवाळी झाली. शेअर्स पिकले. अमेरिकेत मुकुंदला आठवण होती की नव्हती देव जाणे, पण शेठना होती. त्यांनी भर सभेत पन्नास शेअर्सचा कागद टिपणिसांच्या हातात दिला, आणि साठलेली पोती हातगाडीवर घालून घरी धाडली. आता पोहे खरोखरच टिपणिसांचे झाले होते, म्हणजे साठेबाजीही आता खरोखरचीच! सौदामिनीने वेळ घालवला नाही. हातगाडी दारात लागल्याबरोबर पोती उसवली आणि मापाने सगळ्या गल्लीला वाटून टाकली. फुलाबाईंच्या घरी तर ती स्वतः पोचवून आली. सगुणाबाईंनी चिमूटभर तोंडात टाकून बघितले आणि सांगितलं की हे काही ते तुल्य नव्हेत, ते निराळे होते.

माणसं पांगल्यावर सौदामिनीने चहा टाकला. टिपणीस स्वयंपाकघरात पाटावर टेकले. कागद देवापुढे ठेवून झाला होता.

"आता यंदाचा लाभांश खराखुरा ना? तुल्य नाही ना काही?" तिने विचारलं.

"यंदा लाभांश नाही."

"अगंबाई! का?"

"दुष्काळ. भातच मिळालं नाही वर्षभर. सभेत ठरलं, यंदा कुणालाच काही द्यायचं नाही."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. मेहुणे, साडू, आत्याबाई." टिपणीस जरा घुटमळले. "मी सगळ्यात आधी हात वर केला."

"स्वतःच्याच लाभांशाला नाही म्हणायला?"

"अगं, शेठनी विचारलं, 'मालकमंडळींचं काय म्हणणं आहे?' आणि विचारताना माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत मला आजवर चहाशिवाय कुणी काही विचारलंय? मग हात खाली राहतो का?"

रागवावं की काय करावं, ते सौदामिनीचं ठरेना.

"किती वर केलात?"

"असा," म्हणून टिपणिसांनी बसल्या जागी हात उचलला. तो थेट वरच्या फळीवरच्या डब्यांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. सौदामिनी हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"घ्या आता खाली," ती म्हणाली. "चहा निवतोय."